बावलीचा कातळ

मे महिन्यात माहेरी गेलं की दुपारी घरातून कुणालाच बाहेर पडू देत नाहीत. सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापलेला असतो. अम्मी पडवीत चटई टाकून आडवी होते. भाईंचे दोघे आणि आमची दोघं अशी चार मुलं माजघरात कोंडलेली असतात, आणि वीज असेल तर टीव्ही चालू असतो. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी मुलांनी 'अटलांटिस : द लॉस्ट एम्पायर' हा डिस्नेचा चित्रपट लावला. आम्ही शेजारी बसून रातांबे फोडत होतो. हात लाल झालेले, एक डोळा रातांब्यांवर आणि एक पडद्यावर.

त्या खेपेला माहेरी जाण्यामागे सुट्टीखेरीज आणखी एक कारण होतं. भाईंनी रमजानमध्येच एक कागद पाठवून ठेवला होता. सड्यावरची आमची पडीक जमीन चिरेखाणीसाठी द्यायची, त्यासाठीचं संमतीपत्र. अब्बांच्या इंतकालानंतर सातबाऱ्यावर अम्मी, भाई आणि आम्ही अशी तीन नावं लागली. अम्मीचा अंगठा झालेला होता, भाईंची सही झालेली होती. उरली होती आमची. ती करायला आमची काहीच हरकत नव्हती. त्या जमिनीत गवताखेरीज काही उगवत नाही, आणि येणाऱ्या पैशात शरीअतप्रमाणे आमचा जो हिस्सा होईल तो भाई चुकवणार नाहीत हेही ठाऊक होतं. कागद पर्समध्ये घडी घालून ठेवला होता, निघायच्या दिवशी सही करू म्हणून.

चित्रपट २००१ सालचा आहे. गोष्ट घडते १९१४ मध्ये. मायलो नावाचा एक चष्मेवाला भाषातज्ज्ञ एका मोठ्या संग्रहालयात नोकरीला असतो, पण त्याचं काम काय, तर तळघरातला बॉयलर सांभाळणं. (शिक्षकांना जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला लावतात, तसंच ते. आम्हाला तो मुलगा तिथेच आवडला.) समुद्रात बुडालेलं अटलांटिस शोधायचं हे त्याच्या आजोबांचं वेड, तेच त्याने उचललेलं. एक लहरी श्रीमंत म्हातारा त्याला पैसे देतो, मोठी पाणबुडी देतो, सोबत भाडोत्री लोकांची फौज देतो. वाटेत राक्षसी यंत्र येतं, पाणबुडी फुटते, माणसं मरतात, आणि अखेर ही मंडळी पोहोचतात तर शहर रिकामं नाहीच. तिथे लोक राहताहेत. बायका, मुलं, म्हातारे, आंधळा बादशहा, त्याची मुलगी किडा.

इथपर्यंत आम्ही रातांबे फोडतच होतो. हात थांबला तो पुढच्या प्रसंगाला. किडा मायलोला गुपचूप एका बाजूला नेते आणि दगडाचं एक माशाच्या आकाराचं वाहन दाखवते. म्हणते, हे चालतच नाही, सगळं करून पाहिलं. मायलो म्हणतो, त्याच्यावर लिहिलेलं वाचलं का? तेव्हा कळतं की तिला वाचता येत नाही. तिथे कुणालाच येत नाही. भिंतीभिंतीवर त्यांच्याच पूर्वजांनी कोरलेली अक्षरं आहेत, ती लिपी त्यांचीच आहे, भाषाही बोलतात, पण वाचणारा माणूस कैक पिढ्यांत उरलेला नाही. बाहेरून आलेला हा चष्मेवाला ते वाचतो, आणि वाहन उडू लागतं.

मुलं वाहन उडालं म्हणून टाळ्या पिटत होती. आमच्या मनात मात्र आमची मोठी आली. ती आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. कुरआन नाझरा वाचते, म्हणजे अरबी अक्षरांची ओळख आहे, पण उर्दूचं साधं पोस्टकार्ड तिला लागत नाही. तिची आई बीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते आहे. हे आम्ही कुणाकडे फारसं बोलत नाही.

पुढचा चित्रपट ठरल्याप्रमाणे गेला. फौजेच्या नायकाला इतिहासात रस नव्हताच. शहराचा प्राण असलेला चमकता स्फटिक उचलून विकायचा, एवढाच त्याचा बेत. तो उचलला की माणसं मरणार, हे माहीत असूनही. शेवटी त्याचं व्हायचं ते होतं, आणि उरलेले लोक वर परत येऊन जगाला सांगतात की खाली काहीही नव्हतं.

"मम्मी, हे खरं आहे?" धाकट्याने विचारलं.

सुट्टीतही शिक्षक सुटत नाही. आम्ही सांगितलं की अटलांटिसची गोष्ट प्रथम सांगितली ग्रीसच्या प्लेटोने, म्हणजे आपल्या किताबांतला हकीम अफलातून, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी. त्याच्या आधीच्या कुणाच्या लिखाणात त्या शहराचं नाव नाही. फार गर्विष्ठ झालेलं राज्य एका दिवसात आणि एका रात्रीत समुद्रात गेलं, असं त्याने लिहिलं. त्याला बहुधा आपल्या गावकऱ्यांना काही समजवायचं होतं. लोकांनी समजून घ्यायचं सोडलं आणि नकाशे काढत बसले. आजवर ते शहर भूमध्य समुद्रात, अटलांटिक महासागरात, कुठे कुठे सापडलं म्हणून पुस्तकं निघाली. शास्त्रज्ञांनी समुद्राचा तळ मोजून पाहिला, तिथे असा बुडालेला खंड नाही.

"म्हणजे कौमे आदसारखं?" भाईंचा मोठा म्हणाला. तो मक्तबात हुशार आहे. सूरह फज्रमध्ये उंच खांबांच्या इरमचा उल्लेख येतो, तो त्याला पाठ आहे. आम्ही म्हटलं, प्लेटोची गोष्ट आणि कुरआनातला जिक्र एका पारड्यात घालायचा नाही, पण शोधणाऱ्यांनी दोन्हीकडे सारखीच धावपळ केली हे खरं. १९९२ मध्ये बातमी आली होती की दक्षिण ओमानच्या वाळवंटात, शिसर नावाच्या ठिकाणी, उपग्रहाने घेतलेल्या चित्रांत उंटांच्या जुन्या वाटा दिसल्या, त्या जिथे एकत्र येत होत्या तिथे खणलं तेव्हा एक किल्ला निघाला. खालची चुनखडीची गुहा कोसळून त्याचा मोठा भाग जमिनीत गेलेला होता. वर्तमानपत्रांनी लगेच 'इरम सापडलं' असं छापलं. अभ्यासकांत त्यावर अजून एकमत नाही. आणि गंमत अशी की त्या किल्ल्याशेजारच्या विहिरीवर बदू लोक पिढ्यान्‌पिढ्या उंटांना पाणी पाजत होते.

मोठीने विचारलं, "आपल्याकडे नाहीच का असं काही?"

आहे, म्हटलं. आपल्याच मालवण तालुक्यात, कुडोपीला. कातळावर कोरलेली चित्रं, हजारो वर्षांपूर्वीची. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं घेतली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली सात, गोव्यातलं एक, आणि सिंधुदुर्गातलं एकच, ते कुडोपी. हे सगळं आम्ही घडाघडा सांगितलं, कारण वर्गात सामान्यज्ञानात शिकवतो.

"तू पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. जिल्ह्यात जन्म गेला, पण कुडोपीची वाट कधी धरली नव्हती.

रविवारी फजर झाल्या झाल्या निघालो. रिक्षात आमची दोघं, भाईंचे दोघे आणि आम्ही. भाई म्हणाले, "कातळ बघूक पैसे खर्च करतंस? आपलो कातळ काय कमी हा?" आम्ही हसण्यावारी नेलं.

कुडोपीच्या सड्यावर पहिली दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. काळपट तांबूस जांभा, मधे मधे सुकलेलं गवत, गुरांचं शेण. मुलं हिरमुसली. पडद्यावर शहर दिसतं तेव्हा गाणं वाजतं, इथे टिटवी ओरडत होती. मग सूर्य थोडा वर आला, तिरपं ऊन कातळावर पडलं, आणि मोठी एकदम ओरडली, "मम्मी, तू पायावर उभी आहेस!"

खरोखरच आम्ही एका पायावर उभे होतो. कोरलेल्या माणसाच्या पायावर. रेघ बोटभर खोल, कडा झिजून गोल झालेल्या. आम्ही घाईने बाजूला झालो. मग एकेक दिसू लागलं. दोन पाय, त्यावर धड. मासे. चौकटीत भरलेली नक्षी, जिचा अर्थ लागत नाही. एक दिसलं की शेजारचं दिसायचं. मुलं चपला काढून फिरू लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ही चित्रं कुणी, कधी कोरली याचा ठाम पुरावा नाही. कातळावर कोरलेल्या रेघेचं वय मोजणं अवघड असतं. अभ्यासक रेघा कशा कोरल्या ते पाहतात, कोणते प्राणी आहेत ते पाहतात, आसपास काय सापडतं ते पाहतात. आमच्याच जिल्ह्यात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं निघाली, म्हणजे फार जुन्या काळी इथे शिकार करून राहणारी माणसं होती. चित्रांमध्ये प्राणी आहेत, मासे आहेत, पण नांगर नाही, शेती नाही. त्यावरून पुरातत्त्व खात्याच्या अभ्यासकांनी अंदाज बांधला की यातली जुनी चित्रं शेती येण्याआधीची, दहा हजार वर्षांच्या आसपासची असावीत. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं आहेत. कोकणात आज नावालाही नसलेला गेंडा या चित्रांत आहे. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. (बारसूचं नाव २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून झालेल्या आंदोलनामुळे सगळ्यांना कळलं, या वाघांमुळे नाही.) देवाचे गोठणे इथे माणसाची आकृती अशा जागी कोरली आहे की होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे फिरते. हे ऐकल्यावर धाकट्याला चित्रपटापेक्षा हेच भारी वाटू लागलं.

गुरं घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. आमचा बुरखा, चार पोरं, सगळे अनवाणी. त्यांनी जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, कुठल्या गावचे. सांगितल्यावर म्हणाले, या जागेला बावल्याचं टेंब म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं त्यांच्या आजीने सांगितलेलं. आम्ही पुस्तकी माहिती पुढे केली, की सतीश लळीत यांनी २०१२ मध्ये ही शिल्पं अभ्यासकांपुढे मांडली, म्हणजे तशी अलीकडेच सापडली. म्हाताऱ्यांनी काठी कातळावर टेकवली.

"सापडली म्हंजे काय? आमका ल्हानपणापासून म्हायत. पण इचारूक कोण इलो?"

यात लळीतांवर राग नव्हता. उलट ते आले, बसले, विचारलं, याचं त्यांना कौतुकच होतं. रत्नागिरीकडे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनीही असंच केलं. दोघे इंजिनिअर. गावोगाव पायी फिरले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं, शाळेतल्या मुलांना कामाला लावलं. कुठे देवाचं स्थान म्हणून पूजा होत होती, कुठे मुलं त्या चौकटीत खेळत होती. अशी विचारत विचारत हजाराहून जास्त चित्रं नोंदली गेली.

परत येताना आम्ही स्वतःवरच जरा खूश होतो. मुलांना काहीतरी दाखवलं. संध्याकाळी अम्मीला मोबाईलवर फोटो दाखवले. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून फोटो बघायची हौस आहे. तिने दोन-तीन फोटो पाहिले, चौथ्याला म्हणाली, "अगो, तश्यो बावल्यो आपल्या कातळार पण आसत."

आम्ही विचारलं, कुठल्या कातळावर?

"बावलीच्या. सड्यार. आणि खंय?"

इथे अब्बांच्या वहीची गोष्ट सांगायला हवी. अब्बांची बोली मालवणी, पण हिशेब आणि नोंदी उर्दूत. त्यांच्या एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत सगळ्या जमिनींची नावं लिहिलेली आहेत. मालवणी नावं, उर्दू अक्षरांत. उर्दूला 'ळ' नाही, म्हणून कातळाचा 'कातल' होतो, माळाचा 'माल'. भाई मराठी शाळेत शिकले, त्यांना उर्दू वाचता येत नाही, म्हणून वरासतीच्या वेळी ही वही आम्हीच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. तलाठ्याकडे जाताना, वकिलाकडे जाताना, निदान वीस वेळा. त्यात सड्यावरच्या जमिनीसमोर लिहिलं होतं : बे, अलिफ, वाव, लाम, ये. बावली.

उर्दूत बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर. दिल्लीकडे जुन्या बावल्या प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतातच. आम्ही खात्रीने सांगून टाकलं की तिथे पूर्वी एखादी बाव असणार, बुजली असेल. भाईंनी मान डोलावली. वकिलांनी मान डोलावली. उर्दूच्या बाईंनी सांगितल्यावर कोण काय बोलणार? अम्मी त्या वेळी दारातच बसलेली होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि ती इद्दतमध्ये होती, स्वतःहून बोलली नाही.

"बाव न्हय गो," अम्मी आता म्हणाली, "बावली. पोरां खेळतत ती."

लग्न होऊन आली तेव्हा सासूबरोबर गवत कापायला ती त्या कातळावर जायची. सासूने दाखवलं होतं. त्यानंतर गुरं गेली, गवत कापणं थांबलं, जायचं कारण उरलं नाही. आम्ही लहानपणी तिकडे करवंदांना गेलो असू, तर पायाखाली पाहिलं नसणार.

त्या रात्री पर्समधला कागद काढून पुन्हा वाचला. मराठीत होता, आम्हाला सगळा कळत होता.

दुसऱ्या दिवशी असरनंतर अम्मीला रिक्षात घातलं, पुढची अर्धी वाट मुलांनी हात धरून चालवली. सोबत हीराची केरसुणी आणि दोन कॅन पाणी. अम्मी मधे उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "थंय काजी होती," म्हणाली. काजूचं झाड आता नव्हतं, खुंट होता. खुंटापासून तिने पावलं मोजली आणि म्हणाली, झाडा. मुलांनी गवत आणि माती झाडली. आम्ही पाणी ओतलं. पाणी पसरलं, मग उन्हाने कातळ वाळू लागला, आणि रेघांत पाणी राहिलं. एक मासा होता, हातभर लांबीचा. त्याच्या पलीकडे दोन पाय, टाचा जुळलेल्या, पावलं बाहेरच्या बाजूला. गुडघ्यापर्यंत स्पष्ट, वर पुसट. अजून एक वेलांटीसारखं काहीतरी, त्याचं आम्हाला काही कळलं नाही. कुडोपीसारखं वैभव नव्हतं. तीन आकृत्या, फार तर चार.

मोठी त्या माशाजवळ बसून राहिली. म्हणाली, "यावर लिहिलेलं असतं तर तू वाचलं असतंस ना?" आम्ही काही बोललो नाही. बावलीचं कसं वाचलं ते तिने आदल्या रात्री ऐकलेलं होतं.

आता भाईंविषयी. भाई हे त्या चित्रपटातल्या फौजेचे नायक नव्हेत. कुणाला तसं वाटलं तर आमच्या लिहिण्याचा दोष. त्यांची होडीत भागी आहे. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि रात्री एलईडीचे दिवे लावून मासे ओढणाऱ्यांनी छोट्या होडीवाल्यांचं काय केलं, ते मालवण किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. गेले दोन मोसम डिझेलचा खर्चही निघाला नाही. मोठ्या मुलाला डिप्लोमाला घालायचं आहे. अम्मीचं ऑपरेशन त्यांनी केलं, आम्ही अर्धे पैसे देऊ म्हटलं तर घेतले नाहीत. आणि आम्ही जिच्या भिंतीला टेकून हे सगळं बोलत होतो ती भिंतही चिऱ्याचीच आहे. कोकणात कोणाचं घर चिऱ्याविना उभं आहे? चिरा कातळातूनच निघतो. पूर्वी माणसं हाताने काढायची, टिकाव आणि सुतकीने, एका माणसाचे दिवसाला मोजके चिरे. आता यंत्राचं चक्र फिरतं आणि एका मोसमात सडा पायऱ्यापायऱ्यांनी खाली जातो. वरचा थर आधी काढून फेकतात. चित्रं असतात ती नेमकी वरच्या थरावर.

चित्रपटात चोराला खजिना हवा असतो, म्हणून खजिना तरी ओळखला जातो. इथे कंत्राटदाराला त्या माशाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने तो पाहिलाही नसता.

भाईंना मोबाईलवर फोटो दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माका काय हौस हा काय कातळ विकूची?" आणि उठून अंगणात गेले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, मासा केवढा, पाय केवढे, चार गुंठ्यात सगळं बसेल का. तेवढं सोडून बाकीचं देऊ. आम्हाला हे पटलं. सकाळी त्यांनी कंत्राटदाराला फोन केला. त्याचं म्हणणं, मधेच तुकडा सोडला तर गाडी फिरवायला जागा राहत नाही, भाव कमी होईल, नाहीतर दुसरा कातळ बघतो. भाव किती कमी, हे त्याने सांगितलं. तो आकडा ऐकल्यावर भाई गप्प झाले आणि आम्हीही. तो आकडा म्हणजे जवळजवळ डिप्लोमाची पहिली दोन वर्षं.

सही न करणं आमच्या हातात होतं. पगारदार माणसाला सही न करणं सोपं असतं, हे आमचे मिस्टर फोनवर म्हणाले, आणि ते खरं होतं. आम्ही भाईंना म्हटलं की आमच्या हिश्श्याचे पैसे कमी धरा, तूट त्यातून भरा. भाईंनी आमच्याकडे असं पाहिलं की पुढे बोलवेना. बहिणीच्या हकातून घेणं त्यांना जमणारं नव्हतं. अब्बांनी आयुष्यभर बहिणींचे हिस्से मोजून दिले, तेही त्याच लाल वहीत लिहिलेलं आहे.

शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हाला परतायचं होतं. कागद सही न होता पर्समध्ये परत आला. मधल्या काळात आम्ही एवढं केलं की फोटो, जागेचा नकाशा आणि सर्वे नंबर लिहून पुरातत्त्व खात्याला पत्र टाकलं. पावसाळ्यात सड्यावर गवत छातीभर वाढतं, तेव्हा पाहायला येण्यात अर्थ नसतो, त्यामुळे उत्तराची घाई आम्हालाही नव्हती. आणि मोठीला घेऊन रोज इशानंतर अर्धा तास बसू लागलो. कायदा (म्हणजे उर्दूची पहिली) नको म्हणाली, लहान मुलांचा आहे. नानांची लाल वहीच दे. मग तिथूनच सुरुवात केली. पहिल्या पानावर नारळांचा हिशेब आहे. ती एकेक अक्षर जोडून वाचते आणि अडली की आम्हाला नाही, फोन लावून नानीला विचारते. 'माल' म्हणजे माळ की माल, हे नानी सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो. गवत पिवळं पडलं होतं. कंत्राटदाराने पलीकडच्या गावातला कातळ धरल्याचं कळलं, पण तिथलं काम संपलं की तो इकडे विचारणार हेही कळलं. भाईंच्या मुलाने डिप्लोमाला प्रवेश घेतला आहे, कर्ज काढून. घरात त्यावर कुणी बोललं नाही. शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून भाई घरी आले ते सायकलला एक पिशवी अडकवून. म्हणाले, चल, कातळावर. पिशवीत चुना होता, आकृत्यांभोवती हद्द आखायला. आम्ही म्हटलं, चुना नको, पावसाने रेघांत उतरेल. त्यांनी थोडा विचार केला, घरात जाऊन होडीचा जुना दोर आणला आणि काजूच्या चार मेखा तासल्या.

अम्मीही आली. मोठीने एक टोक धरलं, भाईंनी दुसरं. भाई दोर ताणत मागे मागे जात होते, आणि दर चार पावलांनी अम्मीकडे पाहत होते, एवढं पुरे का म्हणून. अम्मी खुंटावर बसली होती.

"अजून फुडे," ती म्हणाली.